फ्रिजवरचं दुसरं पान

४ फेब्रुवारी

मावशी,

फोनवर तू म्हणालीस, "तुला सांगितलेलं एका कानातून शिरतं आणि दुसऱ्यातून कधी निघालं ते कळतही नाही. पत्र लिही. मीही पत्रानेच उत्तर देईन. कागद निदान भिंतीला लावता येतो." म्हणून लिहायला बसलोय. पेन सापडेना म्हणून टायरवर खुणा करायचा पिवळा खडू घेतला. अर्धी ओळ झाल्यावर पेन खिशातच निघालं.

मला घरातून काढताहेत. म्हणजे अजून काढलेलं नाही, मार्चअखेरची मुदत आहे.

घरात आम्ही तिघं. एक ड्रायव्हर. शहरातली बस चालवतो, घर त्याच्या नावावर भाड्याने घेतलंय, चाळिशीचा, बुटाच्या दोन्ही नाड्या मोजून सारख्या बांधणारा. दुसरी दातवाली. दातवाली म्हणजे दातांच्या लॅबमध्ये कामाला आहे, कवळ्या आणि एकेकटे दात बनवते, इतके हुबेहूब की बघणाऱ्याला स्वतःचेच खोटे वाटावेत. तिसरा मी, कॉलेज अर्ध्यात सोडून सायकलच्या दुकानात हात काळे करणारा तुझा भाचा. माझ्या आणि दातवालीच्या फायलीवर डॉक्टरांनी एकच लिहिलंय, एडीएचडी. म्हणजे लक्ष एका जागी बसत नाही, आणि बसलं की उठत नाही. आमची ओळखही तिथलीच. बुधवारच्या अपॉइंटमेंटला मी मंगळवारी गेलो. वेटिंग रूममध्ये एकच मुलगी, तीही बुधवारचीच. पुढच्या वेळी आम्ही दोघंही गुरुवारी. तिसऱ्या खेपेला दातवाली म्हणाली, "आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. विसरायच्या आत राहायला ये."

परवा दातवालीसाठी कॉफी करायची म्हणून दूध ठेवलं. कप आणायला गॅलरीत गेलो, तिथे दातवालीच्या सायकलची चेन कोरडी दिसली. तिला तेल घालेपर्यंत पातेलं जळालं आणि पडद्याने पेट घेतला. ड्रायव्हर दुपारचा झोपला होता, त्याची पहाटेची ड्युटी. त्यानेच उठून बादलीने विझवलं. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो. तो नुसता म्हणाला, "सकाळी माझ्या मागे पन्नास माणसं बसलेली असतात. मला झोप लागली पाहिजे. मार्च संपेपर्यंत घर राहण्यासारखं झालं नाही, तर तुझी खोली दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल." मी बादलीला लाथ मारली. अर्धी भरलेली होती. अंगठा सुजलाय. दातवालीने बर्फ दिला.

खोली काय, कुठेही मिळेल, म्हणशील. मला कुठेही नकोय.

तू तीस वर्षं नाटक कंपनीची प्रॉपर्टी सांभाळलीस. तलवारी, कपबशा, खोटे टेलिफोन. एक वस्तू हरवली नाही असं आई सांगते. दातवालीला हे सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. मला सांग, घर कसं लावायचं. आणि हो, यात दातवालीचा काही संबंध नाही. मला फक्त खोली वाचवायची आहे.

तुझा भोवरा

९ फेब्रुवारी

भोवऱ्या,

पत्र पोचलं. कोपऱ्यात तुझा पिवळा अंगठाही उमटलाय.

एक वस्तू हरवली नाही, हे तुझ्या आईचं प्रेम. एकदा राजाचा मुकुट भाड्याच्या गाडीत राहिला आणि राजाने दोन अंक उघड्या डोक्याने राज्य केलं. पण टेबल कसं लावायचं ते मला येतं. नट रंगमंचावर जिथून जातो तिथेच, आतल्या बाजूला, एक टेबल असतं. त्यावर पांढरा कागद, आणि कागदावर प्रत्येक वस्तूभोवती आखलेली काळी रेघ. चष्म्याची, सुरीची, पाकिटाची. नुसती नजर टाकली की कळतं, काय परत आलेलं नाही. यामागे एकच विचार असतो. नट विसरणार, हे आम्ही धरूनच चालतो. त्याला कुणी "लक्ष ठेव रे" म्हणत नाही. त्याचं लक्ष नाटकात हवं. वस्तूंचं लक्ष टेबलाने ठेवायचं.

तेव्हा आधी सात दिवस काहीही लावू नकोस. फक्त बघ. कोण कुठून आत येतं, किल्ली कुठे पडते, मोजे कुठे गळतात. हात जिथे वस्तू सोडतो, तीच तिची जागा. तिथेच खुंटी ठोक. सात दिवस म्हणतेय मी, दोन नाही. ओळखते तुला.

हे पान स्वयंपाकघरात लाव. रोज डोळ्यांपुढे राहील असं.

(आता हे दुसरं पान. हे फक्त तुझ्यासाठी.)

यात तिचा काही संबंध नाही असं सांगणाऱ्या पत्रात दातवाली नऊ वेळा आली आहे. मी मोजलं. ड्रायव्हर दोनदा, आणि घर त्याचं आहे. तुझा जीव तिच्यात अडकलाय, गाढवा, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण हे तिला तुझ्या तोंडून कळू दे, वस्तूंमधून नको. आणि एक नियम, जो मी मोडून शिकले. दुसऱ्याच्या वस्तूला त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. बोटभरही सरकवायची नाही. का, ते पुन्हा कधीतरी.

मावशी

१५ फेब्रुवारी

मावशी! झालं!

सात दिवस कुणाला दम निघतो? दोनच दिवस बघितलं आणि लख्ख कळलं. माझ्यासाठी बंद दारामागची वस्तू मेलेली असते. एका कपाटातून तीन कात्र्या निघाल्या, तिन्ही "हरवली" म्हणून नव्याने आणलेल्या. मग कात्रीचा काय दोष? दोष दाराचा!

आज ड्रायव्हर ड्युटीवर, दातवालीला लॅबमध्ये जादाचं काम. स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्वयंपाकघरातली सगळी दारं काढली. अकरा. भिंतीवर काळ्या रंगाने पातेल्याची, गाळणीची, तिन्ही कात्र्यांची रेघ आखली. दाराशी तीन खुंट्या, प्रत्येकीखाली एकेका किल्लीची आकृती. हात थांबेना, म्हणून पॅसेजमधलं दातवालीचं उंच कपाट घेतलं. त्याची दोन दारं. तिचं दुखणं तेच माझं दुखणं ना! आत अशी कोंबाकोंब होती की बघवेना. सगळं काढून रंगांप्रमाणे लावलं. लाल, केशरी, पिवळं, पार जांभळ्यापर्यंत. कागदसुद्धा. कपाट नाही, इंद्रधनुष्य झालंय.

आणि तुझं पत्र फ्रिजवर चिकटवलंय, दोन्ही पानं शेजारी शेजारी, एकही शब्द नजरेआड नको म्हणून.

किल्लीचा आवाज आला. आली! थांब, आधी तिचा चेहरा बघून येतो आणि मग

१९ फेब्रुवारी

मावशी,

तुम्ही मला ओळखत नाही, पण मी तुमच्याकडे नऊ वेळा येऊन गेले आहे, असं आमच्या फ्रिजवर लिहिलंय. मी दातवाली. पत्ता तुमच्या पत्राच्या कोपऱ्यातूनच घेतला. मावशी म्हटलं तर चालेल ना?

दात घासत घरभर फिरायची मला सवय आहे. तशीच फिरताना दुसरं पान वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. थांबायला हवं होतं. त्याला माहीत नाही. कृपा करून सांगू नका.

रविवारी मी दिवसभर सहा दात करत होते, एकाच माणसाचे पुढचे. घरी आले, दार उघडलं, आणि घरातल्या सगळ्या वस्तू एकदम माझ्याशी बोलायला लागल्या. मला धू. मला उचल. माझं काय ठरवलंस? त्याच्यासाठी झाकलेली वस्तू मेलेली असते. माझ्यासाठी उघडी वस्तू ओरडत असते. फायलीवर दोघांच्याही तेच लिहिलंय म्हणून तो धरून चालला की डोकंही तेच आहे.

मी माझ्या कपाटावर चादर टाकली. तो म्हणाला, "चादर कशाला? किती मस्त दिसतंय!" मी म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं?" मग तो ओरडला, मी त्याच्या दुप्पट ओरडले. ड्रायव्हरदादा बूट हातात घेऊन दारात उभे. आत यावं की परत जावं, कळेना त्यांना.

त्या कपाटात माझ्या आईची पत्रं होती. ती आता नाही. मी ती जशी आली तशी ठेवली होती, एकावर एक. त्याने पाकिटांच्या रंगाप्रमाणे लावली. वाचली नसतील, तेवढा तो भला आहे. पण आता कुठलं आधीचं आणि कुठलं शेवटचं, ते मला प्रत्येक उघडून बघावं लागेल, आणि ते मला अजून जमत नाही.

मी लॅबमधल्या मैत्रिणीच्या सोफ्यावर आहे; पाकिटावर लॅबचा पत्ता लिहिलाय. परत जाऊ का, हे विचारायला लिहीत नाहीये. एवढंच विचारायचंय, एका नटाला उघडं लागतं, दुसऱ्याला झाकलेलं, आणि टेबल एकच. तुम्ही काय करता? आणि तुम्ही तो नियम मोडलात तेव्हा काय झालं?

दातवाली

२३ फेब्रुवारी

मावशी,

तुझं टेबल तुझ्याकडेच ठेव. ती गेली. टूथब्रश घेऊन गेली. माणूस टूथब्रश नेतो तेव्हा खरा गेलेला असतो.

तेरा दारं काढली मी, पाठ धरली, आणि काय ऐकायला मिळालं? "तुला कुणी सांगितलं होतं?" कॉलेजात हेच. परीक्षेत तिसऱ्या प्रश्नात जीव रमला म्हणून त्याचंच उत्तर वीस पानं लिहिलं, बाकीचे कोरे. सरांनी सगळ्यांसमोर पेपर वर धरला आणि विचारलं, तुला कुणी सांगितलं होतं? त्याच दिवशी बॅग बाकावर टाकून निघालो, ती आजतागायत आणलेली नाही. मी काही जीव तोडून केलं की कुणीतरी हेच विचारतं.

रागाच्या भरात तुझं पत्र फ्रिजवरून फाडायला गेलो. दुसऱ्या पानावर, "गाढवा" या शब्दाच्या बरोबर खाली, हिरवा शिंतोडा. टूथपेस्ट. ड्रायव्हरची लाल, माझी पांढरी. हिरवी एकट्या तिची.

तिने वाचलंय, मावशी. मी ठरवत होतो, कधी सांगायचं, कुठे, कुठला शर्ट घालून. आणि ते आठवडाभर फ्रिजवर लटकतंय, आणायच्या सामानाच्या यादीशेजारी. "हे फक्त तुझ्यासाठी," असं तू वरच लिहिलं होतंस. आणि खाली तो नियम. दोन्ही गोष्टी आज पहिल्यांदा कळल्या. वाचलं होतं, पण नुसतं डोळ्यांनी.

मार्च संपायची वाट कशाला बघू? सामान भरतोय. एक मोजा सापडत नाहीये.

भोवरा

२७ फेब्रुवारी

भोवऱ्या,

मोजा सापडेपर्यंत हे वाच. हेच पत्र मी दातवालीलाही पाठवते आहे, तिच्या लॅबच्या पत्त्यावर. तिने मला लिहिलं होतं. काय, ते तिला विचार.

आमच्या कंपनीत दिवे सांभाळणारा एकजण होता. त्याची पेटी म्हणजे नुसता पसारा. वायरी, फ्यूज, टाचण्या, अर्धं खाल्लेलं बिस्किट. मला तो आवडायचा. मी तुझ्याएवढी होते, बोलायची हिंमत नव्हती. म्हणून एका प्रयोगाआधी त्याची पेटी मी लावून ठेवली. एकेक फ्यूज कापडात गुंडाळला, वर चिठ्ठी. वाटलं, पेटी उघडेल आणि त्याला कळेल.

दुसऱ्या अंकात फ्यूज उडाला. एरवी अंधारातही त्याचा हात त्या पसाऱ्यात बरोबर जायचा. त्या दिवशी गेला नाही. चार मिनिटं अंधार. अंधारात उभ्या असलेल्या नटाला चार मिनिटं म्हणजे काय, ते तुला नाही सांगता येणार. दिवे आल्यावर तो रागावला नाही. म्हणाला, "ही पेटी माझी राहिली नाही." मी तेव्हाही काही बोलले नाही. पुढच्या दौऱ्याआधी तो दुसऱ्या कंपनीत गेला. त्याचा पसारा मला अजून डोळे मिटून जसाच्या तसा लावता येतो, आणि त्याचा आता कुणालाच उपयोग नाही.

एकाला उघडं, दुसऱ्याला झाकलेलं, तर काय करायचं, हे मला ठाऊक नाही. खोटं कशाला बोलू? एवढंच ठाऊक आहे की दोन नटांचं जुळेना की आम्ही त्यांना एकमेकांच्या बाजूचं टेबल बघायला पाठवायचो. तिच्या कामाच्या जागी जा. लावायला नाही, बघायला. हात खिशात ठेव.

आणि त्या ड्रायव्हरला, काय हवंय म्हणून कुणी विचारलंय का? घर त्याचं, आणि तुम्हा दोघांच्याही पत्रांत तो बिचारा नुसता दारात नाहीतर झोपेत.

मावशी

१४ मार्च

मावशी,

तुझं पत्र येऊन दहाबारा दिवस झाले. या वेळी सातही दिवस काही लावलं नाही. आठव्या दिवशी लॅबमध्ये गेलो.

काचेबाहेर उभा राहिलो, हात खिशात. तिच्या टेबलावर एकच ट्रे उघडा होता. बाकीचे तीसचाळीस भिंतीला, सगळे झाकण लावलेले, आणि प्रत्येक झाकणावर पेन्सिलीने काढलेला एकेक दात. आत कुठला आहे तो. मी बाहेर उभा राहून सांगू शकत होतो कशात काय आहे, आणि तिच्या डोळ्यांसमोर मात्र सगळं शांत.

तिने बघितलं. बाहेर आली, हाताला दातांच्या साच्यांचं प्लास्टर लागलेलं.

"कशाला आलास?"

"दारं परत लावू का, विचारायला."

"लावून टाकायची की. तुला कुठे विचारायची सवय?"

"म्हणून तर आलो."

ती नखातलं प्लास्टर काढत राहिली. मग म्हणाली, "दुसरं पान वाचलंय मी."

"माहीत आहे. हिरवी पेस्ट."

"मग पळून नाही गेलास?"

"निघालोच होतो. एक मोजा सापडेना."

"निळा? तो माझ्या पिशवीत आलाय, गडबडीत."

मग आईच्या पत्रांबद्दल तिने सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं. माफी मागितली, तीही बऱ्याच उशिराने, पण एकदाच, आणि कारणं न देता. आणि मग जे तोंडाने सांगायचं होतं ते तोंडाने सांगितलं. काय, ते तुला लिहीत नाही. ते पान फक्त तिच्यासाठी.

ती म्हणाली, "लगेच उत्तर दिलं की काय दिलं तेच मी विसरते. थांबशील?" मी हो म्हणालो. मी, मावशी! थांबायला! मग म्हणाली, "घरी येते. माझ्या कपाटाची दारं मी लावणार. तू फक्त स्क्रू धर."

स्क्रू "सुरक्षित जागी" ठेवले होते, म्हणजे दुकानात, सायकलच्या घंट्यांच्या खोक्यात. तिची दोन दारं आधी लावली. स्वयंपाकघराचीही लावली, आणि प्रत्येक दारावर आत जे आहे त्याचं एकच चित्र. दोन चित्रं झाली की तिच्या डोक्यात गलका होतो. माझ्या खोलीतलं कपाट मात्र उघडं. तिथे ती डोळे मिटून येते. मी तिला म्हणालो, हे सगळं रोज तुझ्या हाताखाली होतं, घरी कसं नाही सुचलं? म्हणाली, "ते काम असतं. घरी मला वाटायचं, शहाण्या माणसांना चित्रं लागत नाहीत."

ड्रायव्हरलाही विचारलं, "दादा, तुम्हाला काय हवंय?" त्याने बुटाच्या दोन्ही नाड्या सोडल्या आणि मोजून परत बांधल्या. मग म्हणाला, "गॅस बंद आहे, हे मला अंथरुणातून उठल्याशिवाय कळलं पाहिजे." म्हणून दोरीत ओवलेला एक लाकडी चमचा त्याच्या दारासमोरच्या खिळ्यावर टांगलाय. गॅस पेटवणाऱ्याने तो गळ्यात घालायचा, विझवला की परत खिळ्यावर. चमचा खिळ्यावर दिसला की त्याने कूस बदलायची. काल अर्ध्या रस्त्यात सायकलवर माझ्या छातीवर काहीतरी आपटलं. बघतो तर चमचा! तसाच उलटा फिरलो. पाण्याला नुकती उकळी फुटत होती. दुकानात उशीर झाला, मालक म्हणाला, "हे पदक कशाबद्दल मिळालं?" काढायचा राहिलाच होता.

खोलीबद्दल तो अजून हो म्हणालेला नाही. म्हणतो, मार्च म्हणजे पूर्ण मार्च. आणि दातवालीही अजून काही बोललेली नाही. मी थांबलोय. दोन्हींसाठी.

तुझा भोवरा

३१ मार्च

मावशींना नमस्कार.

मी ड्रायव्हर. पत्रं लिहायची सवय नाही, बसची रोजची नोंद लिहितो तशीच लिहितो.

मार्च संपला. गॅस चालू राहिला एकदा, पाणी उकळेपर्यंत. दुपारची झोप मोडली दोनदा, पैकी एकदा हसण्याने. कात्र्या तीन, तिन्ही जागेवर. मुलाची खोली मुलाकडे राहील. सकाळी तसं सांगितलं. तो नाचला आणि बादली सांडली. फरशी त्यानेच पुसली, न सांगता.

मला काय हवंय असं तुम्ही विचारायला लावलंत. घरी असं कुणी विचारत नाही, म्हणून उत्तर द्यायला वेळ लागला.

शेवटची फेरी झाली की मी बसच्या मागच्या सीटपर्यंत जाऊन बघतो, कुणी काही विसरलंय का. घरातही तशीच सवय लागली. आत शिरलो की आधी दाराजवळच्या तीन खुंट्या बघतो. वीस तारखेला दोघांच्या किल्ल्या एकाच खुंटीवर होत्या, मुलाच्या. चूक असेल म्हणून मी मुलीची काढून तिच्या खुंटीवर लावली. एकवीसला पुन्हा तसंच. पुन्हा लावली. बावीसला पुन्हा. दोघंही विसराळू आहेत, पण एकसारखं तीनदा विसरण्याइतके नीटनेटके नाहीत.

मग फ्रिजवर तुमचं पहिलं पान आहे, ते वाचलं. हात जिथे वस्तू सोडतो, तीच तिची जागा. तेव्हापासून मी हात लावत नाही. दुसरं पान तिथे नाही. मुलीच्या कपाटाच्या दारावर एका पाकिटाचं चित्र आहे, त्यावर हिरवा ठिपका. आत काय आहे ते मी बघितलेलं नाही.

आज रंगाचा डबा काढून जुन्या आकृत्या पुसल्या आणि एका खुंटीखाली दोन किल्ल्या आखल्या. त्यामुळे एक खुंटी मोकळी झाली आहे. तिच्याखाली अजून काही आखलेलं नाही. तुम्ही कधी येताय ते कळवा, म्हणजे आखता येईल.

ड्रायव्हर